चालत्या घराचें पाणी

इतिहासांत पाणी आणणारांचीं नांवें राहतात. पाणी राखणारांचीं राहत नाहींत. कोणत्या सुलतानानें कालवा खोदला, कोणत्या सरदारानें हौद बांधला, हें शिलालेखांवरून व तवारिखांवरून काढतां येतें. परंतु त्याच कालव्यांत दर वर्षीं उतरून गाळ कोणीं उपसला, फुटलेला खापरी नळ कोणीं बदलला, आणि ज्या वर्षीं हें काम राहून गेलें त्या वर्षीं काय झालें, याची नोंद क्वचितच सांपडते. आमच्या मतें हा केवळ नोंदींचा दोष नाहीं. निगा ही बांधणीइतकीच मोठी विद्या आहे, ही जाणीवच आपल्याकडे मंद आहे. ती जागी करण्यासाठीं एक अगदीं लहान, आणि प्रथमदर्शनीं इतिहासाच्या कक्षेबाहेरचें वाटणारें उदाहरण आम्ही येथें घेणार आहों. तें म्हणजे चाकांवरच्या घरांतील पाण्याचे नळ हिवाळ्यापूर्वीं रिते करून ठेवण्याची पद्धति.

छत्रपति संभाजीनगर शहराच्या पश्चिमेस, दौलताबादेकडे व वेरुळाकडे जाणाऱ्या वाटेवर, पडेगांव आहे. (शहराचें अधिकृत नांव इ. स. २०२३ पर्यंत औरंगाबाद असें होतें. जुन्या काळाविषयीं बोलतांना तेंच नांव आम्ही वापरूं.) पडेगांवास नळांतलें पाणी गोठत नाहीं. थंडीची लाट आली म्हणजे महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं दंव गोठतें, निफाडकडे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. परंतु बर्फाच्या भीतीनें पडेगांवच्या एखाद्या गृहस्थानें घरचे नळ रिते केले, असें कोणीं ऐकलें नसेल. मग हा विषय येथें कशासाठीं, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर पडेगांवच्या शेजारींच आहे. शहर आणि पडेगांव यांच्या दरम्यान जी लष्करी वस्ती आहे, तिला लोक छावणी म्हणतात.

छावणी हा शब्द आपण आतां लष्कराचा कायमचा तळ एवढ्याच अर्थानें वापरतों. मुळांत तो छावणें, म्हणजे शाकारणें, या क्रियापदाच्या कुळांतला आहे. मराठ्यांच्या फौजा दसऱ्यास सीमोल्लंघन करून बाहेर पडत. आणि मृगाचे ढग दिसूं लागले म्हणजे ज्या फौजेस घरीं परततां येत नसे, ती जेथें असेल तेथें छपरें घालून पावसाळा काढीत असे. तो तिचा छावणीचा काळ. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहणारे लमाणांचे तांडेही पावसाळ्यांत चांगलें चराऊ रान पाहून मुक्काम करीत. अर्थात् चालणाऱ्यास थांबण्याचा एक ऋतु लागतो, ही गोष्ट आपल्या लोकांस फार पूर्वींपासून ठाऊक होती. ऋतु मात्र देशपरत्वें बदलतो. आपल्याकडे तो पावसाळा, उत्तरेकडच्या हिमदेशांत तो हिवाळा. परंतु थांबलेल्या काळांत प्रवासाचें सामान कसें राखावें, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

पडेगांवावरून जाणाऱ्या या वाटेच्या मुलखानें चालतीं घरें थोडीं पाहिलीं नाहींत. इ. स. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें देवगिरीस राजधानी आणण्याचा घाट घातला, तेव्हां दिल्लीचे मानकरी संसार बांधून इकडे आले. पुढें औरंगजेब इ. स. १६८२ मध्यें औरंगाबादेस येऊन पोंचला, आणि इ. स. १७०७ मध्यें अहमदनगराजवळ मरण येईपर्यंत त्याच्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग तंबूंत गेला. त्याची कबर याच वाटेवर पुढें खुलताबादेस आहे. अशा हजारों माणसांच्या व जनावरांच्या चालत्या शहरास पहिली चिंता पाण्याची. मोगलांनीं तिची व्यवस्था किती बारकाईनें लावली होती, हें अबुल फजलाच्या 'आईन-इ-अकबरी'वरून दिसतें. बादशहा घरीं असो कीं प्रवासांत असो, तो गंगेचेंच पाणी पीत असे. दरबार आग्र्यास वा फत्तेपुरास असतांना तें सोरोंहून व पंजाबांत असतांना हरद्वाराहून मोहोरबंद घागरींतून येई. तें थंड करण्यास सोरा वापरीत. आणि या सर्वांवर आबदारखान्याचे विश्वासू अधिकारी असत. इ. स. १६६४ च्या अखेरीस औरंगजेब दिल्लीहून काश्मिराकडे निघाला, त्या प्रवासांत असलेला फ्रेंच वैद्य बर्निए यानेंही उंटांवरून चाललेल्या गंगाजलाचें, आणि ओल्या कापडानें गुंडाळून पाणी गार ठेवणाऱ्या कथलाच्या सुरयांचें वर्णन करून ठेवलें आहे.

बादशहाचें पाणी सुरईंत असे. शिपाई, घोडे आणि हत्ती यांचें पाणी मात्र चामड्यांत असे. भिस्त्याच्या खांद्यावर मशक, बैलाच्या वा रेड्याच्या पाठीवर पखाल. या चामडी भांड्यांचा स्वभाव लक्षांत घेण्यासारखा आहे. चामडें ओलें तसेंच गुंडाळून ठेवलें तर कुजतें. रितें करून नुसतें उन्हांत टाकलें तर कडक होऊन तडकतें. म्हणून भांडें वापरांत नसेल तेव्हां आधीं त्यांतलें पाणी पूर्ण काढावें, मग त्यास तेल पाजून ठेवावें, असा नेम पडला. विहिरीवरच्या मोटेसही आपले शेतकरी तेल देत असत. पाणी काढून घेणें आणि त्याच्या जागीं दुसरा, न बिघडविणारा द्रव घालणें, हें या निगेचें सार आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत धरावी. कारण अडीच-तीनशें वर्षांनंतर, चामड्याच्या जागीं प्लॅस्टिकचे नळ आल्यावरही, माणसास हाच उपाय पुनः शोधावा लागला.

चैनीखातर चाकांवर घर बांधून हिंडण्याची आधुनिक प्रथा इंग्लंडांत इ. स. १८८५ च्या सुमारास रूढ होऊं लागली. त्या वर्षीं विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलांतून निवृत्त झालेल्या वैद्यानें घोड्यांनीं ओढावयाची 'वाँडरर' नांवाची गाडी मुद्दाम बांधवून घेतली आणि तींतून ब्रिटनमध्यें दीर्घ प्रवास केला. घोडे गेले, मोटार आली; आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, विशेषतः आयोवा प्रांतांतील विनेबॅगो कंपनीनें इ. स. १९६६ पासून अशीं मोटारघरें कारखान्यांत मोठ्या प्रमाणांत बांधण्यास आरंभ केल्यावर, अमेरिकेंत तीं मध्यम स्थितींतल्या कुटुंबांसही घेतां येऊं लागलीं. अशा घरांत स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी, शौचकूप आणि पाणी तापविण्याचा बंब हीं सर्व असतात. चांगल्या पाण्याची एक टांकी, सांडपाण्याची दुसरी, शौचकूपाची तिसरी. आणि या सर्वांस जोडणारे अरुंद नळ भिंतींच्या आंतून व जमिनीखालून गेलेले. महाराष्ट्र सरकारनेंही इ. स. २०२१ मध्यें अशा गाड्यांतून पर्यटन करण्याविषयीं धोरण जाहीर केलें; तेव्हां हा विषय आपणांस अगदींच परका राहिला आहे, असें म्हणतां येणार नाहीं.

आतां बर्फाकडे वळूं. बहुतेक पदार्थ गोठतांना आकसतात; पाणी फुगतें. शून्य अंशावर पाण्याचा बर्फ होतांना त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें. उघड्या भांड्यांत ही वाढ वर सरकते व कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. बंद नळांत तिला वाट नसते. नळाच्या मधल्या भागांत प्रथम बर्फाचा बोळा बसतो. तो वाढत जातो, आणि त्याच्या व बंद तोटीच्या दरम्यान जें न गोठलेलें पाणी अडकलें असेल त्यावर विलक्षण दाब येतो. म्हणून नळ पुष्कळदां जेथें बर्फ झालें तेथें न फुटतां त्याच्या पलीकडे, पाणी अडकलेल्या जागीं फुटतो. शिवाय फुटला तरी त्या वेळीं कळत नाहीं, कारण बर्फच भेगेवर बूच होऊन बसलेलें असतें. वसंत ऋतु येतो, बर्फ वितळतें, मालक मोठ्या हौसेनें पंप सुरू करतो, आणि भिंतीच्या आंतून पाणी झिरपूं लागतें. अपराध हिवाळ्यांत घडतो आणि शिक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर मिळते. इतिहासाच्या अभ्यासकास हा क्रम अपरिचित नाहीं.

हें टाळण्यासाठीं शरद ऋतूच्या अखेरीस जो विधि करतात, तो असा. प्रथम पंप व बंब बंद करावे, आणि बंबांतलें पाणी निवूं द्यावें; तापलेल्या व दाबाखालीं असलेल्या बंबाचें बूच काढणें धोक्याचें असतें. सांडपाण्याच्या व शौचकूपाच्या टांक्या योग्य जागीं नेऊन रित्या कराव्या व धुवाव्या. चांगल्या पाण्याची टांकी सोडून द्यावी. नळांच्या जाळ्यांत सर्वांत सखल जागीं कारखानदारानें मुद्दाम ठेवलेल्या दोन तोट्या असतात, एक गरम पाण्याच्या व एक गार पाण्याच्या नळासाठीं. त्या उघडून आंतील पाणी खालीं वाहूं द्यावें, आणि हवा आंत शिरावी म्हणून वरच्या सर्व तोट्या मोकळ्या सोडाव्या. बंब निवाल्यावर त्याचें बूच काढून तो रिता करावा, व पुढील द्रव त्यांत न जातां बाजूनें जावा अशा बेतानें झडपा फिरवाव्या.

एवढ्यानें पाणी बरेंचसें जातें, परंतु सर्व जात नाहीं. वांकणांत, पंपांत, मोरीखालच्या वळशांत थोडेंसें उरतेंच, आणि घात तेवढ्यानेंही होतो. म्हणून पुढें दोन मार्ग आहेत. एक, बेताच्या दाबाची हवा नळांत सोडून उरलेलें पाणी फुंकून काढणें; यांत दाब अधिक झाला तर जो सांधा वांचवावयाचा तोच निखळतो. दुसरा, न गोठणारा एक गुलाबी द्रव पंपानें नळांत भरणें. मग एक एक तोटी, आधीं गरम बाजूची व नंतर गार बाजूची, उघडून गुलाबी धार दिसेपर्यंत वाहूं द्यावयाची. शौचकूपांत तो सोडावयाचा, मोऱ्यांच्या वळशांत थोडा ओतावयाचा, आणि गाडीच्या बाहेरच्या बाजूस स्नानासाठीं लावलेली तोटी असेल तर तिला विसरावयाचें नाहीं. बहुतेकांचा नाश या विसरलेल्या तोटीनेंच होतो. हा द्रव प्रोपिलीन ग्लायकोलचा असावा लागतो. मोटारीच्या एंजिनांत घालतात तो एथिलीन ग्लायकोलचा द्रव चवीस गोडसर पण विषारी आहे, आणि पिण्याच्या पाण्याच्या नळांत त्याचा थेंबही जाऊं देणें योग्य नव्हे. वसंतांत पुनः भरपूर पाण्यानें सर्व नळ धुवावयाचे, क्लोरीनच्या सौम्य द्रावणानें शुद्ध करावयाचे, आणि मगच तें पाणी तोंडीं लावावयाचें. पखालीच्या तेलाची आठवण आम्हीं वर कां करून दिली, हें वाचकांच्या आतां लक्षांत येईल.

या सर्व विधींत कठीण असें कांहीं नाहीं. एका दुपारचें काम आहे. उत्तर अमेरिकेंत स्थायिक झालेलीं आपलीं मराठी कुटुंबेंही तें शिकतात. त्यांतील खरी शिकवण यंत्राची नसून जबाबदारीची आहे. मोगली तळावर पाणी पिणारा एक, वाहणारा दुसरा, आणि पखालीस तेल देणारा तिसरा असे. चाकांवरच्या घरांत बादशहा तोच आणि भिस्तीही तोच. म्हणून तेथें निगा चुकली कीं दोष कोणाच्या माथीं मारतां येत नाहीं, आणि म्हणूनच ती सहसा चुकत नाहीं.

आतां ही कसोटी घेऊन औरंगाबादच्या नहरींकडे पाहूं. मलिक अंबरानें इ. स. १६१० च्या सुमारास खडकी येथें शहर वसविलें, आणि इ. स. १६१७ च्या सुमारास शहराच्या उत्तरेस हर्सूलच्या बाजूनें भूमिगत नहर काढून त्याला पाणी दिलें. हीच नहर-इ-अंबरी. भुयारांत जमिनीच्या पोटांतलें पाणी गोळा करावें, उताराच्या जोरावर तें शहरापर्यंत आणावें, आणि पुढें खापरी नळांनीं हौदाहौदांत वांटावें, अशी तिची रचना होती. तिच्यामागून आणखीही नहरी झाल्या. त्यांपैकीं पाणचक्कीची नहर सर्वांच्या परिचयाची आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत, कित्येक मैलांवरून नळानें आणलेलें पाणी उंच भिंतीवरून हौदांत पाडून त्याच्या जोरावर दळण्याचें जातें फिरविलें. आणि मोठ्या हौदाचा तळ हेंच खालच्या दालनाचें छत करून यात्रेकरूंस उन्हाळ्यांत गारवा दिला. उरलेलें पाणी जवळच्या खाम नदीस मिळे.

या नहरींच्या वाटेवर जागोजाग दगडी मनोरे बांधलेले असत. पाणी त्यांच्या माथ्यापर्यंत चढून पुनः खालीं उतरे. हें शोभेसाठीं नव्हे. नळांत कोंडलेली हवा तेथें बाहेर पडे, पाण्याचा दाब तेथें आवरला जाई, आणि खापरी नळ फुटण्याचें भय कमी होई. तसेंच भुयारांत उतरण्यासाठीं मधूनमधून तोंडें ठेवलेलीं असत. आमच्या दृष्टीनें या बांधकामांतील सर्वांत थोर भाग कोणता म्हणाल, तर हीं उतरण्याचीं तोंडें. मोटारघराच्या सखल जागीं ठेवलेल्या दोन तोट्यांशीं त्यांचें नातें आहे. जो कारागीर असें तोंड ठेवतो तो मुकाट्यानें एक गोष्ट कबूल करतो, कीं माझें काम माझ्यानें पुरें होत नाहीं. माझ्यामागून दर वर्षीं येथें कोणीतरी उतरला पाहिजे.

औरंगाबादेस बर्फ नव्हतें. परंतु प्रत्येक भूमीचा आपला एक हिवाळा असतो. येथला हिवाळा म्हणजे गाळ, चुन्याची पुटें, आणि पाण्याच्या वासानें खापरांच्या सांध्यांत शिरणारीं झाडांचीं मुळें. तो एका रात्रींत नळ फोडीत नाहीं; पन्नास वर्षें घेतो. म्हणूनच त्याचें भय वाटत नाहीं. वस्ती वाढली, नहरींच्या माथ्यावर घरें उठलीं, उतरण्याचीं तोंडें बुजलीं, मनोरे ढासळले. आणि शहर दुसऱ्या पाण्यावर गेलें. गोदावरीवर पैठणजवळ जायकवाडीचें प्रचंड धरण इ. स. १९७६ मध्यें पुरें झालें, आणि शहराची भिस्त त्या जलाशयावर राहिली. नहरींस बर्फानें मारलें नाहीं, शत्रूनेंही मारलें नाहीं. आतां गरज नाहीं या समजुतीनें मारलें.

येथें एक आक्षेप येईल. नळ रिते ठेवणें हीच जर निगा, तर ज्या शहरांत पाणी अनेक दिवसांच्या अंतरानें येतें, तेथले नळ सर्वांत सुरक्षित म्हटले पाहिजेत! छत्रपति संभाजीनगरच्या लोकांनीं गेल्या कांहीं वर्षांत असे दिवस पुष्कळ पाहिले आहेत, आणि पडेगांवासारख्या कडेच्या वस्तीस टँकर कांहीं अनोळखी नाहीं. परंतु रितें करणें आणि रितें पडणें या दोहोंत महदंतर आहे. मोटारघराचा नळ मालक ठरवून रिता करतो, धुतो, आणि बंद करतो. शहराचा नळ जेव्हां आपोआप रिता पडतो तेव्हां त्यांतला दाब नाहींसा होतो. आणि जेथें जेथें फट आहे तेथून बाहेरची घाण आंत ओढली जाते. पुनः पाणी सोडलें म्हणजे कोंडलेली हवा व पाणी यांचे धक्के सांध्यांस बसतात, नव्या फटी पडतात, आणि पहिल्या पाण्याबरोबर ती घाण घरांत येते. पहिली रिक्तता ही विश्रांति, दुसरी ही उपासमार. दोहोंस एक नांव देऊन समाधान मानणें हें शहाणपणाचें होणार नाहीं.

दुसरा आक्षेप नव्या यंत्रांवर विश्वास ठेवणारांचा. ते म्हणतील, नळ रिते करण्याची दगदग कशाला, ते गरम ठेवावे. तें शक्य आहे, आणि आपल्याच देशांत झालें आहे. कटरा ते श्रीनगर ही वंदे भारत गाडी जून २०२५ मध्यें सुरू झाली. तिच्या पाण्याच्या नळांस व टांक्यांस गोठण्यापासून राखण्यासाठीं विजेनें ऊब देण्याची योजना केलेली आहे. जी गाडी भर हिवाळ्यांतही रोज धांवावयाची, तिला हाच मार्ग योग्य. परंतु हा चालणाऱ्याचा उपाय झाला, थांबणाऱ्याचा नव्हे. शिवाय ऊब देणाऱ्या तारेचीही निगा कोणास तरी राखावीच लागते. यंत्र निगेचें ओझें एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर देतें. तें नाहींसें करीत नाहीं.

तेव्हां पडेगांवच्या वाचकानें यांतून काय घ्यावें? ज्याच्या दारीं चाकांवरचें घर उभें असेल, त्यानें पावसाळ्याच्या लांब मुक्कामापूर्वीं त्याचे नळ व टांक्या रित्या करून कोरड्या कराव्या. येथें बर्फाचें भय नसलें तरी सांचलेल्या पाण्यांत शेवाळ, जंतु व डांस हे होतातच. तेंच घर घेऊन जो थंडींत हिमाचलाकडे वा लडाखाकडे जाईल, त्यानें वर सांगितलेला विधि अक्षरशः पाळावा. ज्यांच्यापाशीं असें घर नाहीं, आणि आपण बहुतेक त्यांतलेच, त्यांच्यासाठीं सूचना निराळी आहे. आपल्या गांवच्या प्रत्येक जलवास्तूच्या इतिहासांत, ती कोणीं बांधली या प्रकरणानंतर ती कोणीं धुतली हें दुसरें प्रकरण लिहिलें गेलें पाहिजे. नगरपालिकांचीं जुनीं दप्तरें, देवस्थानांचे व दर्ग्यांचे खर्चाचे कागद, नहरींत उतरणाऱ्या घराण्यांच्या आठवणी, यांत त्याचें साहित्य अद्याप सांपडण्याजोगें असेल. तें गोळा करण्याचें काम महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांस सहज देतां येईल. आणि तें करतांना त्यांतला एखादा तरी बुजलेलें तोंड मोकळें करून खालीं उतरेल, अशी आम्हांस आशा आहे.